मांजराचें औषध आणि त्याच्या पोटांतील मित्र

मुक्या प्राण्याची शुश्रूषा ही एका परीनें माणसाच्या शुश्रूषेपेक्षां कठीण असते. कोठें दुखतें, काय होतें, हें माणूस बोलून दाखवितो. मांजराला बोलतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर आपलें दुखणें लपवून एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यांत निमूटपणें पडून राहण्याकडे त्याची स्वाभाविक प्रवृत्ति असते. म्हणून ज्यांच्या घरीं मांजर आहे त्यांस त्याच्या प्रकृतीविषयीं चार गोष्टी ठाऊक असणें अवश्य आहे. 'मांजराला जखमेसाठीं गोळ्या सुरू केल्या आणि त्याचें पोट बिघडलें. आतां गोळ्या बंद कराव्या काय? कीं थोडें दहीं चारावें?' असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न दिसावयास साधा आहे, परंतु त्याच्या पोटांत बरेंच शास्त्र दडलेलें आहे. आणि त्याचें उत्तर चुकलें तर बिचाऱ्या प्राण्याच्या जिवावरही बेतूं शकतें. याकरितां त्याचा विचार येथें जरा विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम असा प्रसंग येतो कसा तें पाहूं. रात्रीं दोन बोक्यांची झुंज होते, हें आपण सर्वांनीं ऐकलेलें आहेच. मांजराचा सुळा बारीक व अणकुचीदार असतो. तो कातडींत सुईसारखा खोल शिरतो आणि बाहेर आल्यावर वरचें भोंक लवकरच मिटून जातें. परंतु चावणाऱ्या मांजराच्या तोंडांतील जंतु आंत कोंडले जातात. त्यांत पाश्चरेला नांवाचे जंतु बहुधा असतात. दोनचार दिवसांत त्या जागीं सूज येते, आंत पू सांचतो, ताप भरतो आणि मांजर अन्नास तोंड लावीनासें होतें. यासच आपण गळूं म्हणतों. पशुवैद्य तें फोडून आंतील घाण काढून टाकतात, जखम धुतात, आणि जरूर वाटल्यास पुढें कांहीं दिवस प्रतिजैविक औषध, म्हणजे ज्यास सर्वत्र अँटिबायोटिक म्हणतात तें, देण्यास सांगतात. मांजरांच्या अशा जखमांवर अमॉक्सिसिलिन व क्लाव्हुलॅनिक ॲसिड यांचें मिश्रण पुष्कळदां देण्यांत येतें.

हें औषध करतें तरी काय? लंडन येथील सेंट मेरीज रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांस 1928 सालीं असें दिसून आलें कीं, जंतूंच्या एका तबकडींत बुरशी पडली होती आणि त्या बुरशीच्या सभोंवार जंतूंची वाढ थांबली होती. बुरशीपासून मिळणाऱ्या त्या द्रव्यास त्यांनीं पेनिसिलिन असें नांव दिलें. अमॉक्सिसिलिन हें त्याच कुळांतील होय. जंतूच्या शरीराभोंवतीं एक भिंत असते. जंतु वाढूं लागला म्हणजे ती भिंतही त्यास वाढवावी लागते. हें औषध त्या बांधकामांतच विघ्न आणतें, त्यामुळें भिंत कच्ची राहून जंतु फुटून मरतो. कांहीं जंतु मोठे धूर्त असतात. ते पेनिसिलिनचा नाश करणारा एक रस तयार करितात. क्लाव्हुलॅनिक ॲसिड त्या रसास निकामी करतें, आणि मग अमॉक्सिसिलिनला आपलें काम निर्वेधपणें करितां येतें.

येथपर्यंत सर्व ठीक झालें. परंतु औषध पोटांतून रक्तांत जातें आणि रक्तांतून जखमेंत पोंचतें. वाटेंत आंतड्यांतील जंतूंशींही त्याची गांठ पडते. शत्रु कोणता व मित्र कोणता हें ओळखण्याची शक्ति औषधास नाहीं. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, त्यांतलाच हा प्रकार होय.

'जंतु आणि मित्र?' असें कोणी म्हणेल. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचे लेव्हेनहूक यांनीं 1683 सालीं आपल्याच दांतांवरील किटण स्वतः घासलेल्या भिंगाखालीं पाहिलें, तेव्हां त्यांत असंख्य सजीव कण वळवळतांना दिसले. तेव्हांपासून आजपर्यंतच्या शोधांनीं हें सिद्ध झालें आहे कीं, निरोगी प्राण्याच्या आंतड्यांत अब्जावधि जंतु वसति करून असतात, आणि त्यांतील बहुतेक आपल्या यजमानास उपयोगी पडतात. मांजर मांसाहारी खरें, तरी तेंही या नियमास अपवाद नाहीं. न पचलेल्या अन्नाचे अवशेष हे जंतु कुजवून फोडतात, आणि त्यांतून जीं सौम्य आम्लें निघतात त्यांवर मोठ्या आंतड्याच्या अस्तराचें पोषण होतें. शिवाय त्यांनीं जागा व्यापलेली असल्यामुळें बाहेरून आलेल्या उपद्रवी जंतूंस तेथें पाय रोवतां येत नाहीं. गजबजलेल्या गांवांत चोरास शिरण्यास अडचण पडावी, तशांतलाच हा प्रकार.

औषधामुळें हें गांव कांहीं अंशीं ओस पडलें म्हणजे काय होईल याची कल्पना करणें कठीण नाहीं. अन्नाचे अवशेष तसेच राहतात, ते पाणी ओढून घेतात, आणि मांजरास पातळ होऊं लागतें. रिकाम्या जागेंत नको ते जंतु माजण्याचाही संभव असतो. मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवावी: औषध घेतल्यावर होणारा प्रत्येक उपद्रव जंतु मेल्यामुळेंच होतो असें नाहीं. कांहीं औषधें जठरास प्रत्यक्ष झोंबतात, आणि त्यामुळें ओकारी येते व भूक मंदावते. अमॉक्सिसिलिन व क्लाव्हुलॅनिक ॲसिड यांचें मिश्रण रिकाम्या पोटीं न देतां अन्नाबरोबर दिलें असतां हा त्रास पुष्कळ कमी होतो.

अशा वेळीं घरांतील मंडळींच्या हातून दोन प्रमाद घडतात. पहिला असा कीं, पातळ होऊं लागतांच कोणालाही न विचारतां औषध बंद करण्यांत येतें. जखम वरून कोरडी दिसते, परंतु आंत जंतु शिल्लक असले तर आठ पंधरा दिवसांत तें गळूं पुन्हा डोकें वर काढतें. दुसरा प्रमाद असा कीं, मांजर जेवत नाहीं याकडे दुर्लक्ष होतें. 'उपास पडला तर पोटाला विश्रांति मिळेल' असें आपण माणसांविषयीं म्हणतों; मांजराविषयीं तसें मुळींच म्हणतां येत नाहीं. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, कांहीं दिवस उपाशी राहिलें तर अंगांतील चरबी त्याच्या यकृतांत सांचूं लागते आणि त्यापासून प्राणघातक विकार उत्पन्न होतो. म्हणून मांजराची भूक टिकविणें हा त्याच्या उपचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

आतां आपण मुख्य विषयाकडे वळूं. औषध जे मित्र मारतें त्यांची उणीव बाहेरून भरून काढतां येईल काय, हा विचार शास्त्रज्ञांच्या मनांत पूर्वींच आला होता. बल्गेरियाचे स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनीं 1905 सालीं तेथील दह्यांतील एक विशिष्ट जंतु ओळखून काढला. पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह, ज्यांस 1908 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, आंबट दुधांतील जंतु आंतड्यांतील अपायकारक जंतूंस आळा घालतात. पुढें 1920 नंतरच्या कांहीं वर्षांत आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञानें हिंदी चीनमध्यें लिची व मँगोस्टीन या फळांवरून एक प्रकारचें किण्व मिळविलें. तेंच आज सॅकरोमायसिस बुलार्डी या नांवानें औषधांत वापरलें जातें. अशा उपयोगी सजीव पदार्थांस आतां प्रोबायोटिक म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनीं 2001 सालीं त्याची व्याख्या ठरविली. तिचें तात्पर्य असें कीं, प्रोबायोटिकांतील जंतु जिवंत असले पाहिजेत, ते पुरेशा संख्येनें दिले गेले पाहिजेत, आणि त्यांपासून घेणाऱ्याच्या आरोग्यास लाभ झाला पाहिजे. या तीन कसोट्या वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढें त्यांचा उपयोग होणार आहे.

माणसांस जें मानवतें तें मांजरास मानवेलच असें नाहीं. म्हणून मांजरांवर स्वतंत्र प्रयोग करण्यांत आले. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत बेवारशी प्राण्यांच्या एका आश्रयगृहांत कांहीं मांजरांना एंटेरोकॉकस फीशियम या जंतूचा एस एफ 68 नांवाचा वाण अन्नांतून दिला, आणि कांहींना तसाच दिसणारा परंतु जंतुविरहित पदार्थ दिला. त्याचे निष्कर्ष 2011 सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांना जंतु दिले त्यांपैकीं शेंकडा 7.4 मांजरांस दोन किंवा अधिक दिवस हगवण लागली. ज्यांना दिले नाहींत त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा 20.7 होतें. हा प्रयोग प्रतिजैविक औषधाविषयीं नव्हता. परंतु 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत निरोगी तरुण मांजरांना सात दिवस अमॉक्सिसिलिन व क्लाव्हुलॅनिक ॲसिड देण्यांत आलें, आणि त्यांतील कांहींना त्याच्या जोडीला वर सांगितलेला वाण दिला. पोट तर दोन्ही गटांतील मांजरांचें बिघडलें. मात्र ज्यांना प्रोबायोटिक मिळालें त्यांचा अतिसार सौम्य होता. यावरून निष्कर्ष असा निघतो कीं, प्रोबायोटिक ही कांहीं जादूची कांडी नव्हे. परंतु योग्य वाण योग्य वेळीं दिल्यास मांजराचा त्रास हलका होऊं शकतो, आणि त्रास हलका झाला म्हणजे मुख्य औषध शेवटपर्यंत देणें सोपें जातें. आमच्या मतें हाच त्याचा खरा लाभ होय.

'मग दहीं कां नको? त्यांतही जंतु आहेतच कीं!' हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत कोणाच्याही मनांत प्रथम यावा हें साहजिक आहे. दहीं हें आपल्या आहारांतील एक उत्तम अन्न आहे, यांत संशय नाहीं. परंतु वर सांगितलेल्या कसोट्यांवर तें घांसून पाहूं. घरच्या विरजणांत कोणते जंतु आहेत व किती आहेत हें सांगतां येत नाहीं. तें रोज बदलतें. दुसरें असें कीं, मोठ्या मांजराच्या पोटांत दुधांतील साखर पचविणारा रस बहुधा फारच थोडा उरलेला असतो. मांजर दुधावर कितीही टपून बसत असलें तरी दुधानें पुष्कळ मोठ्या मांजरांस जुलाब होतात. दह्यांत ही साखर कमी असते, पण नाहींशी झालेली नसते. अगोदरच बिघडलेल्या पोटावर वाटीभर दहीं ओतणें म्हणजे आगीतून फुफाट्यांत जाण्यासारखें होय. आणि ताक किंवा कोशिंबीर यांत कांदा अथवा लसूण असेल तर तें मांजरास विषासमान आहे. त्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश होतो.

तिसरें कारण तर सर्वांत महत्त्वाचें आहे. मांजरास सर्दी, डोळे येणें इत्यादि विकारांत डॉक्सिसायक्लीन नांवाचें दुसरें एक औषध वारंवार देतात. हें औषध टेट्रासायक्लीनच्या कुळांतलें आहे. दूधदह्यांत जो चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो त्याच्याशीं या कुळांतील औषधें बांधलीं जातात, आणि मग तीं आंतड्यांतून रक्तांत पुरतीं शोषलीं जात नाहींत. गोळी कडू लागूं नये म्हणून कोणी ती दह्यांत कालवून दिली, तर औषध दिल्याचें समाधान तेवढें मिळेल, आणि गुण मात्र थोडाच येईल. म्हणून दहीं हें मांजराचें औषध नव्हे, आणि औषधाचें वाहन तर नव्हेच नव्हे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे येऊं. पहिली गोष्ट, प्रोबायोटिक द्यावें कीं नाहीं व कोणतें द्यावें हें पशुवैद्यास विचारूनच ठरवावें. मांजरांसाठीं तयार केलेल्या पुड्या मिळतात, त्या बऱ्या. 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील एका पाहणींत, ज्या 15 तयार औषधांवर जंतूंची संख्या छापलेली होती त्यांपैकीं अवघ्या 4 मध्यें ती खरोखर भरली. यास्तव वेष्टनावर वाणाचें पूर्ण नांव, जंतूंची संख्या आणि मुदतीची तारीख हीं तिन्ही आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि केवळ चित्राला भुलून कांहींही विकत घेऊं नये.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रतिजैविक आणि प्रोबायोटिक हीं एकाच घांसांत दिलीं तर एकानें दुसऱ्यास मारलेंच म्हणून समजा. दोहोंच्या मध्यें निदान दोन तासांचें अंतर असावें. गोळी सकाळीं सात व सायंकाळीं सात वाजतां द्यावयाची असेल, तर पुडी दुपारीं द्यावी, म्हणजे सहज सोय होते. सॅकरोमायसिस बुलार्डी हें किण्व असल्यामुळें जंतु मारणाऱ्या औषधांपासून त्यास भय नसतें. परंतु नायट्यासारख्या बुरशीच्या रोगावर औषध चालू असेल तर तें त्या किण्वासही मारूं शकतें, हें विसरूं नये. प्रतिजैविक संपल्यावरही कांहीं दिवस पुडी चालू ठेवण्यास वैद्य बहुधा सांगतात, कारण उजाड झालेलें गांव एका दिवसांत वसत नाहीं.

तिसरी गोष्ट, जंतु जिवंत राहिले पाहिजेत. आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यांत खिडकींत ठेवलेली पुडी म्हणजे केवळ पांढरी भुकटी होय. ती थंड व कोरड्या जागीं, किंवा वेष्टनावर लिहिलें असेल त्याप्रमाणें, ठेवावी. कढत अन्नांत मिसळूं नये. कोमट किंवा थंड अन्नाच्या एका लहान घांसांत मिसळून तो प्रथम चारावा व मग उरलेलें अन्न द्यावें, म्हणजे पूर्ण मात्रा पोटांत जाते.

चौथी गोष्ट गोळी देण्याची. मांजराच्या घशांत कोरडी गोळी ढकलली तर ती अन्ननलिकेंत बराच वेळ अडकून राहते. डॉक्सिसायक्लीनची गोळी अशी अडकल्यास आंतील त्वचा भाजून निघते व पुढें ती नळी आकसून मांजरास अन्न गिळणें कठीण होतें. म्हणून प्रत्येक गोळीनंतर सुई काढलेल्या पिचकारीनें गालाच्या कडेनें सावकाश चमचाभर पाणी पाजावें, अथवा लगेच थोडें अन्न चारावें.

आतां कांहीं धोक्याच्या खुणा. विष्ठेंतून रक्त पडणें, वारंवार ओकारी होणें, एक संपूर्ण दिवस अन्नास तोंड न लावणें, अंग थंड किंवा सुस्त पडणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास प्रोबायोटिकाची वाट पाहत बसूं नये; तत्काळ दवाखाना गांठावा. पिलूं लहान असेल तर याहूनही अधिक त्वरा करावी, कारण पातळ होऊन अंगांतील पाणी गेल्यावर तें फार लवकर खचतें. ज्या मांजराची रोगप्रतिकारशक्ति अत्यंत क्षीण झाली आहे, त्यास जिवंत जंतु देणेंही सर्वस्वी निर्धोक नसतें. तो निर्णय वैद्याचाच असावा. आणि माणसांच्या औषधांच्या डब्यांतील कोणतीही गोळी मांजरास देऊं नये. तापावरील पॅरासिटामॉल मांजराच्या यकृतास पचवितां येत नाहीं. तिचा एखादा तुकडाही त्याचा प्राण घेऊं शकतो. मांजराची विष्ठा साफ केल्यावर साबणानें हात स्वच्छ धुवावे, हें तर सांगावयास नकोच.

शेवटीं पालकांस एक विनंति. प्रतिजैविकाच्या त्रासावर सर्वांत उत्तम उपाय कोणता म्हणाल, तर जेथें प्रतिजैविकाची जरूर नाहीं तेथें तें न मागणें हा होय. मांजराची सर्दी बहुधा विषाणूंमुळें सुरू होते, आणि विषाणूंवर या औषधांची मात्रा चालत नाहीं. साधी हगवण पुष्कळदां पथ्यानें व पाण्यानेंच बरी होते. अपुऱ्या मात्रेच्या संगतींत राहिलेले जंतु औषधास दाद देईनासे होतात, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनीं 1945 सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत दिला होता. तो इशारा खरा ठरला आहे. आणि मांजराच्या अंगांत असे निर्ढावलेले जंतु तयार झाले तर ते घरांतील मुलांपासून फार दूर राहतील असें समजण्याचें कारण नाहीं. म्हणून वैद्यानें औषध दिलें तर सांगितलेल्या मात्रेनें व सांगितलेले दिवस द्यावें. त्रास झाल्यास आपल्या मतानें बंद न करितां वैद्यास कळवावें. मागच्या आजारांतील उरलेली गोळी या आजारास देण्याचा मोह टाळावा.

विद्यार्थिमित्रहो, ज्या प्राण्यास आपण घरांत घेतलें त्याच्या अन्नाची, औषधाची व वेळेची जबाबदारी आपणावर आली. मोठी माणसें कामांत असतील. परंतु भिंतीवर एक कागद लावून त्यावर गोळी केव्हां दिली, पुडी केव्हां दिली, मांजर किती जेवलें आणि शौचास कसें झालें, एवढें रोज लिहून ठेवणें तुम्हांस सहज जमेल. पुढच्या वेळीं दवाखान्यांत जातांना तो कागद बरोबर न्यावा. मांजराला बोलतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलण्यास तो कागद पुरेसा होईल.